गद्रे परदेशात होता तेव्हा

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठतात. एक टाकवत नाही म्हणून दुसरा ठेवायचा, आणि मग एक दिवस बायको विचारते, "हे सगळं करायचं काय?" अंबरनाथच्या कारखान्यात मी सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात काढली. पंप बनवायचो आम्ही. पंपांबद्दल आता मला कोणी काही विचारत नाही. पण लग्नात जा, मुंजीत जा, अगदी कोणाच्या दहाव्याला जा, जुने लोक कोपऱ्यात घेतात आणि म्हणतात, "दामले, ते गद्रेचं युरोप सांगा ना!"

मग मी सांगतो. मध्ये कोणी बोललेलं मला चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

गद्रे म्हणजे मधुकर गद्रे. माझ्या शेजारच्या बोर्डावरचा ड्राफ्ट्समन. राहायला बदलापूरला. हातात पेन्सिल नसेल तेव्हा पुस्तक, आणि पुस्तक नसेल तेव्हा वाद! टीव्हीवर एकच चॅनेल होतं त्या काळातली ही गोष्ट. आमच्या कारखान्याचं एक मराठी मंडळ होतं. दर पंधरा दिवसांनी ते चार पानांचं वार्तापत्र काढायचं. कोणाला मुलगा झाला, कोणाची बदली झाली, सहलीत कोण गाडी चुकलं, असला मजकूर.

अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी सगळे खुशीत असायचे आणि मंडळाची बैठक कॅन्टीनमध्ये तेव्हाच व्हायची. एका गुरुवारी गद्रे उभा राहिला.

"गोऱ्यांनी इथे येऊन आपल्यावर किती पुस्तकं लिहिली! हे लोक हाताने जेवतात, हे लोक मोठ्याने बोलतात, हे लोक गाईला नमस्कार करतात. आता आपण त्यांच्यावर लिहायचं. बदलापूरचा माणूस युरोप बघायला जातो आणि तिथून बायकोला पत्रं लिहितो. पत्रांची कादंबरी! दर अंकात एक पत्र."

"कल्पना झकास आहे," मी म्हणालो, "पण तू स्वतः कर्जतच्या पुढे गेला आहेस का?"

"एकदा. लोणावळ्याला."

कादंबरी ठरली. प्रवाशाला नाव काय द्यायचं यावर दोन बैठका गेल्या. शेवटी गद्रे वैतागला. "खोट्या नावाने मला बायकोला पत्र लिहिता येत नाही," म्हणाला आणि खाली सही ठोकून मोकळा झाला: 'तुझा, मधुकर.' वर मायना, 'प्रिय सुमती.' पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

सुमती म्हणजे सुमतीवहिनी, त्याची खरोखरची बायको. वार्तापत्राची स्टेन्सिलं त्याच कापायच्या. आताच्या पोरांना स्टेन्सिल सांगावं लागतं. मेणाचा पातळ कागद, त्यावर टोकदार लोखंडी लेखणीने कोरून लिहायचं, मग तो सायक्लोस्टाइल मशीनच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवत बसायचं. एकदा कोरलं की कोरलं! वहिनींचं अक्षर छापल्यासारखं, त्यामुळे ते काम त्यांच्याकडे.

वहिनी बी.ए., बी.एड. होत्या. लग्नाआधी नगरला दोन वर्षं शाळेत शिकवत होत्या. लग्नानंतर बदलापूरच्या शाळेतून दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा गद्रे म्हणाला, "काय गरज आहे? आपलं भागतंय की." खरं कारण त्याने मला एकट्याला सांगितलं होतं. "दामल्या, घरी आलो आणि दाराला कुलूप दिसलं की मी अजून घाबरतो." त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. पण त्या वर्षी शाळेत पुन्हा जागा निघणार असं कानावर होतं, वहिनी पस्तिशीला आल्या होत्या आणि या खेपेला नाही म्हटलं तर शाळा पुन्हा विचारायची नाही, हे त्यांनाही माहीत होतं, त्यालाही, आणि मला तर होतंच.

*

युरोप डोळ्यांनी पाहिलेला आमच्यात एकच माणूस, म्हात्रे फिटर. मोरिवलीचा. कंपनीने जर्मनीहून एक मोठं मशीन घेतलं तेव्हा ते शिकायला त्याला दोन महिने तिकडे धाडलं होतं. गद्रे वही उघडून त्याच्यासमोर बसला.

"म्हात्रे, जर्मनी कसा आहे?"

"थंड."

"आणि?"

"लई थंड."

"चर्च पाहिलंस?"

"भायेरून."

"नदी?"

"होती."

गद्रेने कपाळाला हात लावला! दोन महिन्यांत या गृहस्थाने पाहिलेला युरोप म्हणजे कारखाना, राहायची खोली आणि दोघांच्या मधला रस्ता. गद्रे वही मिटून उठणार, तेवढ्यात म्हात्रे चहाचा कप खाली ठेवत सहज म्हणाला, "एक गोष्ट हाय. तिथला मोठा साहेब आपला कप आपण धुतो."

गद्रे पुन्हा बसला.

पहिलं पत्र निघालं ते असं: "प्रिय सुमती, इथला साहेब चहा झाला की उठतो आणि नळाखाली आपला कप विसळतो. दोन दिवस मी पाहिलं. मला वाटलं, याला काही शिक्षा झाली असेल. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं. तो म्हणाला, 'प्यायलो मी, मग धुवायचा कोणी?' आपल्या घरात मी आजवर एकही कप धुतलेला नाही, हे मला एवढ्या लांब येऊन आठवलं."

वार्तापत्र आमच्या वर्क्स मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरही जायचं. माणूस कडक, पण मनाने मोकळा. शनिवारी दहाचा चहा झाल्यावर साहेब केबिनमधून उठले, कपबशी हातात घेऊन तडक कॅन्टीनमध्ये आले आणि त्यांनी नळ सोडला. अख्खं कॅन्टीन उभं! कॅन्टीनचा शंकरअण्णा धावत आला आणि कप ओढायला लागला. साहेब सोडेनात. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा! कपाला वास येत होता का? पण असं चारचौघांत नका करू!"

साहेबांना त्याची समजूत घालायला अर्धा तास लागला. शेवटी तडजोड झाली. साहेबांनी कप विसळायचा आणि अण्णाने तो पुन्हा धुवायचा. साहेब रिटायर होईपर्यंत हेच चालू होतं.

*

वार्तापत्राचा कागद आणि शाई उल्हासनगरहून यायची, कॅम्प चारमधल्या खेमचंदशेठच्या दुकानातून. खेमचंदशेठचा चुलतभाऊ स्पेनच्या कुठल्यातरी बेटावर कापडाचं दुकान चालवायचा. कादंबरीचं कळल्यावर शेठनी गद्रेला गल्ल्याशेजारी बसवून घेतलं आणि थंडा मागवला.

"साईं, युरोप मेरे को पूछो! भाई हर महीने चिट्ठी लिखता है. दोपहर दो बजे शटर डाऊन. पाँच बजे तक सब सोता है. गिऱ्हाईक भी सोता है, पुलिस भी सोता है!"

"पूर्ण युरोप?"

"पूरा! मेरा भाई झूठ क्यों लिखेगा?"

गद्रेने दुसऱ्या पत्रात अख्खं डेन्मार्क दुपारी झोपवलं! म्हात्रे अंक फडकावत आला. "गद्रेसाहेब, काय लिवलंत हे? तिथं दुपारी कोणी डोला मिटला तर डॉक्टरला बोलावतील!"

गद्रेने दोघांना समोरासमोर आणलं. खेमचंदशेठ भावाची पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंबरनाथला आले. म्हात्रेने जर्मन कारखान्याचा बिल्ला छातीला लावला. एक सिंधी वळणाच्या हिंदीत बोलतोय, दुसरा मोरिवलीच्या मराठीत. तासभर युरोपवरून कडाकडा भांडले आणि एकही मागे हटेना.

"थांबा," गद्रे म्हणाला. "प्रवासी दोन करू. एक उत्तरेकडे फिरेल, एक दक्षिणेकडे. उत्तरेला मी जातो." मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

तर अशा रीतीने पुढचे चार महिने 'माझा मित्र दामले' दक्षिण युरोपात दुपारी दोन ते पाच झोपून होता! कुठेही जा, राजवाड्यात जा, समुद्रावर जा, दोन वाजले की दामले आडवा. डोंबिवलीहून माझ्या सासूबाईंनी बायकोकडे निरोप पाठवला: "जावईबापू परदेशी गेले ते कळवलंसुद्धा नाही. आणि तिथे जाऊनही झोपाच काढतात का?"

माझ्या तोंडी गद्रेने त्या बेटावरच्या दुकानदाराचं एक वाक्य घातलं होतं, "दुकान माझं आहे, मी दुकानाचा नाही." ते खेमचंदशेठच्या मनात घर करून बसलं. एका मंगळवारी त्यांनी बरोबर दोन वाजता शटर खाली ओढलं आणि आत चादर अंथरून झोपले. उल्हासनगरात भर बाजारात, भर दुपारी शटर खाली! दहा मिनिटांत शेजारचे सगळे दुकानदार जमले. पलीकडच्या गल्लीतले दोघं डोक्याला पांढरा रुमाल बांधून आले. दार ठोठावून शेठना उठवलं आणि गळ्यात पडून विचारलं, "कौन गुज़र गया, साईं?"

त्या दिवसापासून शेठ पुन्हा दुपारी झोपले नाहीत. पण ते वाक्य त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून दुकानात लावलं. गिऱ्हाईक वाचायचं आणि गोंधळायचं.

*

पत्रांची कादंबरी म्हणजे उत्तरंही हवीत. तीही गद्रेच लिहिणार होता. पहिलं उत्तर मला त्याने आधी वाचून दाखवलं होतं. "प्राणप्रिय नाथ, आपल्या विरहाने बदलापूरची सायंकाळ मजला उदास भासते..." मी म्हणालो, "गद्रे, वहिनी अशा बोलतात?" तर मलाच म्हणाला, "वाङ्मय आहे ते!"

गुरुवारी अंक आला. माझा आवाज बरा म्हणून कॅन्टीनमध्ये वाचायचं काम माझं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"अहो, पत्रं मिळाली. कप धुतला नाही हे आठवायला तुम्हाला जर्मनीपर्यंत जावं लागलं! इथे पाणी सव्वापाचला येतं आणि पावणेसहाला जातं. गॅसचा नंबर लावून तीन आठवडे झाले, शेजारच्या काकूंनी स्टोव्ह दिलाय. आठवण येते का, असं विचारलंत. येते. बल्ब बदलायचा असला की येते."

कॅन्टीन कोसळलं! हसून हसून एकाला ठसका लागला. गद्रे मात्र उभाच्या उभा.

"हे मी लिहिलेलं नाही!"

आता काय करणार? वहिनींनी गद्रेचा कागद बाजूला ठेवून स्टेन्सिलवर थेट स्वतःचंच कोरलं होतं आणि दीडशे प्रती निघून वाटून झाल्या होत्या. घरी जाऊन त्याने जाब विचारला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवार असूनही, तो माझ्याकडे आला ते उत्तर सांगायला. "दामल्या, ती म्हणते, पत्र माझ्या नावाचं, अक्षर माझं, मग मजकूर तरी तुमचा कशाला?"

तेव्हापासून लोक आधी वहिनींचं उत्तर वाचायचे आणि मग सवड मिळाली तर युरोप. त्या पहिल्याच उत्तराच्या शेवटी आणखी चार ओळी होत्या. हशामुळे त्या मला दोनदा वाचाव्या लागल्या. "एक राहिलं. तुमच्या पत्रांत ट्राम आहे, साहेब आहे, तिकीट काढलेली कुत्री आहेत, झोपलेले दामलेभावजी आहेत. बाई एकही नाही. तिथल्या बायका दिवसभर करतात काय, तेवढं लिहा."

*

आता बायका कुठून आणायच्या? गद्रे शनिवारी सकाळीच म्हात्रेच्या मशीनपाशी गेला.

"म्हात्रे, तिथल्या बायका..."

म्हात्रे लालबुंद झाला. "मी काय बी बघितलं नाय! आई शप्पथ! घरी इचारा!"

पुढचे दोन दिवस गद्रे दिसला की म्हात्रे मागच्या गेटने निघून जायचा. तिसऱ्या दिवशी आपणहून आला आणि गद्रेच्या बोर्डापाशी उभा राहिला. "बाई म्हणाल तर एक होती. घरमालकीण. म्हातारी."

मग हळूहळू म्हात्रे सांगत गेला. मी शेजारीच होतो, माझीही पेन्सिल थांबली. म्हातारी एकटी राहायची. मुलगा दुसऱ्या शहरात. रविवारी अकरा वाजता त्याचा फोन यायचा. म्हातारी साडेदहालाच ठेवणीतला झगा घालायची, गळ्यात मोत्यांची माळ घालायची आणि फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. फोन तीन मिनिटांचा. मग झगा उतरवून पुन्हा कपाटात.

"आणि एक गंमत," म्हात्रे म्हणाला. "बाजारात तिच्यासंगती गेलो, तर खाटकाने टोपी काढली. ट्रामवाल्याने पण काढली. ह्या एवढ्या मिशा असलेले गडी! मला वाटलं, गावची मालकीण हाय. मागाहून कललं, मास्तरीण होती. नवरा लढाईत गेला, तवापासून शालेत शिकवलं. त्या सगल्यांना हिनेच शिकवलेलं. मला पण शिकवायची, रोजचे दहा शब्द. चुकलं की परत पहिल्यापासून!" आणि म्हात्रेने खरंच दहाच्या दहा शब्द घडाघडा म्हणून दाखवले.

गद्रेने ते पत्र एका बैठकीत लिहिलं. त्याच्या सगळ्या कादंबरीतलं ते सगळ्यात चांगलं पत्र. त्यात त्याने आपलं काही घातलं नाही. झगा, माळ, फोन, खाटकाची टोपी, बस्स.

वहिनींचं उत्तर पुढच्या अंकात आलं. नेहमीसारखं मीच वाचलं. लोक हसायच्या तयारीत बसले होते.

"अहो, घरमालकीणबाईंचं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. रविवारच्या फोनसाठी त्या नटून बसतात, ते वाचून रडू आलं. खाटकाने टोपी काढली, ते वाचून ऊर भरून आला. इथल्या शाळेत जागा निघाली आहे. पंधरवड्याने शनिवारी मुलाखत आहे. तुम्हाला विचारलं असतं, पण तुम्ही इतक्या लांब. म्हणून अर्ज देऊन टाकला. किल्ली काकूंकडे ठेवत जाईन. परत आलात आणि दाराला कुलूप दिसलं तर घाबरू नका. मी शाळेत असेन, साडेपाचला येईन. तोवर तुमचं उत्तर आलं तर फार बरं वाटेल. सुमती."

कुलपाबद्दल मी वहिनींपाशी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या ओळीवर थांबून मी गद्रेकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. शंकरअण्णा किटली हातात धरून उभा राहिला होता. गद्रे समोरच्या चहाकडे बघत होता आणि चहावर साय धरली होती.

*

त्या पंधरा दिवसांत गद्रेला लोकांनी जगू दिलं नाही. वर्क्स मॅनेजरसाहेब राऊंडला आले की त्याच्या बोर्डापाशी थांबायचे. "गद्रे, पत्र गेलं का?" शंकरअण्णा चहा ठेवता ठेवता पुटपुटायचा, "हो म्हणून टाका हो." म्हात्रे मोरिवलीच्या बायकांचा निरोप घेऊन आला, "आमच्या घरचे सांगतात, जाऊ द्या बाईला शालेत." खेमचंदशेठचा तर कारखान्यात फोन आला! "साईं, हाँ बोलो या ना बोलो. इधर गिऱ्हाईक माल देखने से पहले वो ही पूछता है!"

बदलापुरात वेगळीच तऱ्हा. वहिनींच्या शेजारच्या काकूंकडून अंक आळीभर फिरायचा, आणि बऱ्याच जणांना ती पत्रं खरी वाटायची. वाटणारच! सही खरी, नाव खरं, आणि गद्रे सकाळी उजाडायच्या आत घराबाहेर पडणारा. शुक्रवारी घरी असायचा, पण आतल्या खोलीत कडी लावून युरोपात! तिथला पोस्टमन नवीन होता, त्याने गद्रेला कधी पाहिलंच नव्हतं. एका शुक्रवारी तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला.

"वहिनी, एक विचारू? साहेबांची परदेशातली पत्रं तुम्हाला येतात, सगळी आळी वाचते. मग माझ्या हातून एकही कसं येत नाही? कोणी परस्पर आणून देतं का? माझी नोकरी आहे हो ही!"

वहिनी खरं सांगणार, एवढ्यात आतून गद्रे खोकला.

"आत कोण आहे?" पोस्टमनने विचारलं.

"पाहुणे आहेत," वहिनी म्हणाल्या.

हे गद्रेनेच मला तणतणत सांगितलं. "माझ्या घरात मीच पाहुणा!" मी हसलो, तर माझ्यावर चिडला. मग जरा वेळाने बोर्डावर हात टेकून म्हणाला, "दामल्या, चार कागद फाडले रे. तो तिकडचा मधुकर एका झटक्यात हो लिहितो. मी सही करायला गेलो की हात थांबतो."

"का?"

"सही माझी आहे ना!"

मला त्याचा राग आला. खूप आला. पण त्याचा चेहरा बघून मी माझ्या ड्रॉइंगकडे वळलो. घरी वहिनी त्याला एका शब्दाने विचारत नव्हत्या आणि हा सांगत नव्हता. मुलाखतीच्या आधीचा गुरुवार उजाडला. अंक हातात आला. तिसरं पान, जिथे दर वेळी पत्र असायचं, तिथे वहिनींच्या अक्षरात एकच ओळ कोरलेली होती: 'टपाल आलेलं नाही.' खाली सगळं पान कोरं. त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मला वाचायला काहीच नव्हतं.

*

शनिवारी सकाळी गद्रे कामावर आला. बोर्डावर कागद लावला, पेन्सिलला टोक केलं आणि एकही रेघ न ओढता अकरा वाजेपर्यंत नुसता बसून राहिला. अकराला उठला.

"दामल्या, स्कूटर काढ."

"कुठे जायचंय?"

"बदलापूर."

साहेबांची परवानगी घ्यायला मी केबिनमध्ये गेलो, तर साहेब हातातला कप विसळायला निघाले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "जा लवकर!" अंबरनाथ ते बदलापूर गद्रे मागच्या सीटवर. अंगात ड्रॉइंग ऑफिसचा खाकी कोट तसाच, कानावर पेन्सिल तशीच.

शाळेचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त स्टेशनमास्तर. मोठे काटेकोर गृहस्थ. त्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत टेबलासमोर वहिनी बसल्या होत्या, पाठमोऱ्या. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा सेक्रेटरी बोलत होते.

"मुलाखत उत्तम झाली. गणितही घ्याल म्हणता, म्हणजे आमचा प्रश्नच मिटला. पण बाई, आमच्या संस्थेचा एक नियम आहे. यजमानांची संमती लागते, लेखी. मागे दोन शिक्षिकांना घेतलं आणि महिन्याभरात घरच्यांनी सोडायला लावलं. मुलांचं नुकसान होतं हो." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "तुमची अडचण मला माहीत आहे. मी सगळे अंक वाचले आहेत. गद्रे आहेत परदेशात. पण मला जागा सोमवारी भरायची आहे. तुम्ही त्यांना लिहिलंत का?"

यजमानांची संमती! आज हे सांगितलं की माझी नात मला वेड्यात काढते. पण तेव्हा असं होतं. मला वाटलं, वहिनी आता सांगतील, अहो, कसलं परदेश, अंबरनाथला आहेत ते, एका फोनवर येतील. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं होतं.

"लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उत्तर आलेलं नाही."

गद्रेने दार ढकललं. वहिनींनी वळून पाहिलं. गद्रे सरळ टेबलापाशी गेला, कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघून पुन्हा कानावर ठेवली आणि सेक्रेटरींच्या खिशाकडे हात केला.

"मी मधुकर गद्रे. यांचा नवरा. जरा पेन द्या, आणि एक कागद."

सेक्रेटरी ताडकन खुर्चीवरून उठले. गद्रेचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

"अहो, या, या! बसा! कधी आलात?"

गद्रेने वहिनींकडे पाहिलं.

"आत्ताच," तो म्हणाला.